तळ्यातील एक युद्ध

आमचा भंडारा जिल्हा म्हणजे धानाचा आणि तळ्यांचा मुलूख. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजातील कसबी माणसांनी उतारावरचे पाणी हेरून जागोजाग पाळी घातल्या, आणि पिढ्यान् पिढ्या त्या पाण्यावर बांध्या हिरव्या होत आल्या. अशा पाण्याच्या मुलखात बुरशीची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. धानावर करपा पडतो तो बुरशीमुळेच. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून बायांच्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, तीही बुरशीच. आणि पावसाळ्यात बाजारात हौसेने घेतल्या जाणाऱ्या सात्या याच गोतावळ्यातल्या! दिवाळीनंतर खळ्यावर तणस झटकली की तिच्या धुरळ्यातून बुरशीचे असंख्य बीजाणू नाकातोंडात जातात. खळ्यावर न जाणारा शहरी माणूससुद्धा दररोज असे शेकडो बीजाणू श्वासाबरोबर आत घेत असतो.

मग आपण सारे आजारी का पडत नाही? या साध्या प्रश्नाच्या उत्तराला मोठा इतिहास आहे, आणि त्याचे पहिले महत्त्वाचे पान तळ्याच्या पाण्यातच लिहिले गेले. ते तळे मात्र आपल्याकडचे नव्हे.

इल्या मेचनिकॉफ हा १८४५ साली जन्मलेला रशियन प्राणिशास्त्रज्ञ. ओडेसा येथील प्राध्यापकी सोडून १८८२ साली तो सिसिली बेटावरील मेसिना गावी समुद्रकाठी राहत होता. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहायला गेली होती आणि हा एकटा सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाची काचेसारखी पारदर्शक अळी न्याहाळीत बसला होता. तिच्या अंगातील काही पेशी इकडून तिकडे हिंडत होत्या. त्याच्या मनात आले, या पेशी शरीराच्या पहारेकरी तर नसतील? त्याने अंगणातील गुलाबाचे काटे आणून त्या अळीच्या अंगात टोचले. रात्रभर त्याला झोप आली नाही. सकाळी पाहतो तो काट्याभोवती त्या फिरत्या पेशींची दाटी झालेली! पुढे या पेशींना ‘फॅगोसाइट’, म्हणजे भक्षक पेशी, असे नाव मिळाले.

पण काटा हा काही रोग नव्हे. खऱ्या रोगाशी या पेशी झुंजतात हे दाखवायला हवे होते, आणि तो पुरावा त्याला पाणपिसूत सापडला. पाणपिसू हा गोड्या, संथ पाण्यात राहणारा, डोळ्यांना ठिपक्याएवढा दिसणारा जीव. त्याचे शरीर इतके पारदर्शक की कापाकापी न करता आतले सारे व्यवहार पाहता येतात. या पिसूला यीस्टच्या जातीच्या एका बुरशीचा रोग होतो. तिचे बीजाणू सुईसारखे टोकदार असतात. अन्नाबरोबर ते पोटात जातात आणि आतड्याची भिंत भेदून शरीराच्या पोकळीत शिरतात. तेथेच लढाई जुंपते. रक्तातील पेशी धावून येतात, एकेका सुईला वेढा घालतात, प्रसंगी अनेक पेशी मिळून एकच आवरण करतात, आणि आतल्या सुईचा हळूहळू चुरा होतो. मात्र एखादी सुई त्यांच्या तावडीतून सुटली, की तिला कळ्या फुटतात, कळ्यांना कळ्या येतात, पेशी हतबल होतात आणि पिसू मरतो. १८८४ साली मेचनिकॉफने हा सारा वृत्तांत प्रसिद्ध केला.

शरीराच्या पेशी आणि रोग यांची झुंज आरंभापासून निकालापर्यंत जिवंत प्राण्यात पाहिल्याचा हा फार गाजलेला पुरावा, आणि त्यातला शत्रू बुरशी होता! पुढे ज्या यीस्टच्या कुळात ही बुरशी गणली गेली, त्या कुळाला शास्त्रज्ञांनी मेचनिकॉफचेच नाव दिले. जर्मनीतील अनेक पंडितांना मात्र हे पटले नाही. त्यांचा भर रक्तातील द्रव घटकांवर होता. वर्षानुवर्षे वाद रंगला. अखेर १९०८ सालचे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि दुसऱ्या पक्षाचा पॉल एर्लिक या दोघांना मिळून दिले गेले. पुढे दिसून आले की पेशी आणि द्रव ही एकाच सैन्याची दोन अंगे आहेत.

मेसिनाच्या त्या काट्याची आठवण होते ती आपल्या अनवाणी शेतकऱ्यामुळे. बाभळीचा काटा पायात मोडतो, जखम बुजते, पण पुढे कित्येक महिन्यांनी पाऊल सुजू लागते, त्याला छिद्रे पडतात आणि त्यांतून रव्यासारखे काळे वा पांढरे कण गळतात. या रोगाचा छडा लावण्याचे मोठे काम मुंबईत झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी १८६० साली या रोगाला ‘मायसेटोमा’ हे नाव दिले आणि त्याचे मूळ बुरशीत असल्याचे सांगितले. ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’ या विख्यात ग्रंथातील चित्रे काढणारे कार्टर ते हेच. यातील काही प्रकार बुरशीचे नसून जंतूंचे असतात हे नंतर कळले. या रोगात पांढऱ्या पेशी जमतात, कणाभोवती कडे करतात, पण कणाची चिलखतासारखी घट्ट बांधणी त्यांना फोडता येत नाही. वेढा वर्षानुवर्षे चालतो आणि त्या रस्सीखेचीत पाऊलच झिजते.

मुंबईचा या कथेशी आणखी एक धागा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा लस तयार करण्यासाठी आलेले वाल्डेमार हाफकिन हे ओडेसात मेचनिकॉफचेच विद्यार्थी होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

आता पांढऱ्या पेशी बुरशीशी लढतात कशा, ते पाहू. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरात साधारण चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात. त्यांतील सर्वांत मोठी पलटण ‘न्यूट्रोफिल’ या पेशींची. हाडांतील मज्जेत त्या रोज अब्जावधींनी जन्मतात आणि थोड्याच काळात कामी येतात. फुप्फुसाच्या दारातच ‘मॅक्रोफेज’ नावाच्या धिप्पाड पेशी बसलेल्या असतात. आत आलेले बहुतेक बीजाणू त्या रुजण्यापूर्वीच गिळून टाकतात. बुरशीला त्या ओळखतात तिच्या भिंतीवरून. त्या भिंतीत ग्लुकान नावाची एक शर्करा असते, ती माणसाच्या अंगात नसते. आणि ती चाचपणारा हात पांढऱ्या पेशींवर असतो, हे २००१ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवले.

गिळणे ही झाली अर्धी लढाई. मारणे ही दुसरी. गिळलेल्या बुरशीवर पेशी प्राणवायूपासून बनवलेली जळजळीत विषे सोडते. ही विषे किती मोलाची आहेत हे काही दुर्दैवी बालकांनी जगाला शिकवले. १९५७ साली अमेरिकेत एका वंशागत रोगाचे वर्णन झाले. त्या मुलांच्या पेशी गिळत उत्तम, पण गिळलेले मारण्याची शक्ती त्यांच्यात नाही, हे १९६७ साली उमगले. अशा मुलांना साध्या तणसावरची बुरशीसुद्धा प्राणघातक ठरते. बुरशीचा धागा गिळण्यापलीकडे लांब वाढला तर न्यूट्रोफिल आणखी एक डाव टाकते. ती स्वतः फुटून आपल्या केंद्रकातील तंतूंचे जाळे शत्रूवर फेकते. जाळे टाकून लढण्याची ही रीत २००४ साली बर्लिनच्या संशोधकांनी उघडकीस आणली. या साऱ्यांवर देखरेख असते ‘टी’ पेशींची. एड्समध्ये नेमक्या त्याच पेशी घटतात, म्हणून त्या रोग्यांना बुरशी छळते.

ही सारी विद्या पुस्तकातून उठून घराघरात आली ती २०२१ सालच्या उन्हाळ्यात. करोनाची दुसरी लाट ओसरत होती आणि ‘काळी बुरशी’, म्हणजेच म्युकरमायकोसिस, हे नवे संकट उभे राहिले. महाराष्ट्रात त्याचा फार मोठा फटका बसला. आमच्या विदर्भाचे रोगी नागपूरच्या इस्पितळांत गर्दी करू लागले. नाकातून ही बुरशी डोळ्याकडे आणि मेंदूकडे सरके. जीव वाचवण्यासाठी कित्येकांचा डोळा किंवा वरचा जबडा काढावा लागला. २० मे २०२१ रोजी केंद्र सरकारने राज्यांना हा रोग साथरोग कायद्याखाली नोंदवण्यास सांगितले. अ‍ॅम्फोटेरिसिन हे औषध मिळेना. मेअखेर ते शेजारच्या वर्ध्यातही तयार होऊ लागले.

हा काही नवा जंतू नव्हता. तो मातीत, शेणखतात, शिळ्या भाकरीवर पूर्वीही होता. बदलले होते ते पहारेकरी. रक्तात साखर फार वाढली की न्यूट्रोफिल सुस्तावतात आणि त्यांची मारण्याची धार बोथट होते. रक्त आम्ल झाले की प्रथिनांशी बांधलेले लोह मोकळे होते आणि ते बुरशीला पोसते. करोनात अनेकांचे प्राण वाचवणारी स्टेरॉइडे गरजेपेक्षा अधिक दिली गेली, तर तीही पांढऱ्या पेशींना थोपवून धरतात. अनेक रोग्यांत या गोष्टी एकत्र आल्या, आणि वर्षानुवर्षे दाराबाहेर थांबलेली बुरशी आत शिरली.

म्हणून वाचकहो, सणासुदीला सांगण्यासारखी गोष्ट एवढीच. धानाच्या रोपाला असे फिरते पहारेकरी नाहीत. त्याच्या पेशी कठीण भिंतींत जागच्या जागी बंद असतात आणि जिथल्या तिथेच झुंजतात. आपल्याला हे सैन्य फुकट लाभले आहे. त्याची रसद आपल्या हाती आहे. करंजी-लाडवांच्या या दिवसांत ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हात थोडा आवरावा, घरातल्या वडीलधाऱ्यांची रक्तातील साखर तपासून घ्यावी, आणि स्टेरॉइडची गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये, तशीच मनाने बंदही करू नये. पाणपिसूच्या अंगात मेचनिकॉफने दोन्ही निकाल पाहिले होते. कधी सुईचा चुरा होई, कधी पिसूचा अंत. दोन्हीकडचे लढवय्ये तेच. फरक असे तो पहारेकरी वेळेवर आणि पुरेशा संख्येने पोहोचले की नाही, एवढाच.