‘रोझिनेनबोम्बर’: एका शब्दाचा अर्थपालट

सोव्हिएत रशियाने २४ जून १९४८ रोजी पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे व जलमार्ग रोखले. वीस लाखांवर रहिवाशांचे अन्न व कोळसा त्यानंतर विमानांनीच पोचू लागला. जुलैत अमेरिकी वैमानिक गेल हाल्व्होर्सेन यांना टेम्पलहोफ विमानतळाच्या कुंपणापलीकडे सुमारे तीस मुले भेटली. मुलांनी काहीच मागितले नाही. हीच गोष्ट त्यांच्या मनाला लागली असावी. खिशातील च्युइंगगमच्या दोन कांड्या त्यांनी देऊन टाकल्या. ज्यांच्या वाट्यास तुकडा आला नाही, ती मुले वेष्टनाचा कागदच हुंगत राहिली. पुढील खेपेस विमानातून खाऊ टाकण्याचे त्यांनी कबूल केले. ओळखीची खूण म्हणजे विमानाचे पंख हालविणे. हातरुमालांच्या छत्र्या करून, परवानगीवाचून, त्यांनी शब्द पाळला. वरिष्ठांनी कानउघाडणी केली खरी. परंतु जनरल टनर यांनी उपक्रम उचलून धरला, आणि अखेरीस सुमारे २३ टन खाऊ खाली उतरला. एकंदर २३ लाख टन मालापुढे हे वजन नगण्यच. तथापि बर्लिनकरांनी मालवाहू विमानांना ‘रोझिनेनबोम्बर’, म्हणजे बेदाण्यांची बाँबफेकी विमाने, असे नाव दिले. त्याच शहरात १९४५ पर्यंत ‘बोम्बर’ येताच लोक तळघरांकडे धावत असत.