शारदासदन आणि तटस्थतेचे दोन अर्थ

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ साली मुंबईत त्यांनी विधवांच्या शिक्षणार्थ काढलेले शारदासदन मात्र धार्मिक तटस्थतेच्या अटीवर चालावयाचे होते. त्यास बोस्टन येथील मंडळाचे द्रव्यसाहाय्य होते व रानडे, भांडारकर यांचा सल्ला लाभला होता. १८९० साली संस्था पुण्यास आली. पुढे रमाबाईंच्या प्रार्थनेस काही मुली बसू लागल्या आणि वाद उद्भवला. सल्लागारांच्या लेखी तटस्थता म्हणजे धर्मप्रभावाचा अभाव. रमाबाईंच्या लेखी केवळ सक्तीचा अभाव. १८९३ साली सल्लागारांनी संबंध तोडला. सेवेस प्रेरणा देणारी श्रद्धा सेविकेने लपवावी, ही अपेक्षा अवाजवी होती. परंतु निराधार आश्रितेची संमती कितपत स्वतंत्र असते, ही सल्लागारांची शंकाही निराधार नव्हती.