नाव एक, ओळख दुसरी : मारक पेशींचे साक्षीदार

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आज ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे, त्याची रणभूमी रक्ताच्या एका थेंबात मावते. पण साक्षीदाराची पारख कशी करावी, हा इतिहासकाराचा नित्याचा प्रश्न तेथेही तितकाच कळीचा आहे.

१९७५ साली दोन गोष्टी घडल्या. स्टॉकहोममध्ये किसलिंग, क्लाइन व विगझेल यांनी आणि अमेरिकेत हर्बरमन यांनी उंदरांच्या शरीरातील अशा पेशी दाखविल्या, की ज्या पूर्वीची ओळख नसतानाही कर्कपेशींचा नाश करतात. त्या 'नैसर्गिक मारक पेशी' होत. त्याच वर्षी केंब्रिज येथे कोहलर व मिलस्टाइन यांनी, ठराविक खुणेलाच चिकटणारे प्रतिपिंड एकाच पेशीच्या वंशातून हवे तितके मिळविण्याची युक्ती प्रसिद्ध केली. एका शोधाने कोडे घातले. दुसऱ्याने ते सोडविण्याचे साधन दिले.

साधन मिळाले, तरी पारख उरलीच. १९८१ साली एचएनके-१ हे प्रतिपिंड मानवी मारक पेशींची खूण म्हणून पुढे आले. पुढे दिसले ते असे, की ज्या शर्करामय रचनेला ते चिकटते, ती काही टी-पेशींवर आणि मज्जासंस्थेतही असते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

मग या पेशी स्वकीयांना का सोडतात? १९८६ साली कॅरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की आपलेपणाची खूण हरवलेली पेशी त्यांच्या तावडीत सापडते. म्हणजे ती खूण ओळखून मारक पेशीला आवरणारा लगाम कोठे तरी असला पाहिजे. १९९० साली जिनोआ येथे मोरेट्टा यांच्या गटाने जीएल-१८३ व ईबी-६ या प्रतिपिंडांच्या साह्याने मारक पेशींचे निरनिराळे गट वेगळे केले. १९९३ साली, या प्रतिपिंडांनी ग्राही झाकताच, एचएलए-सी या खुणेमुळे वाचणाऱ्या पेशीही मारल्या जातात, असे दिसले. लगाम सापडला होता.

परंतु १९९५ साली नवा पेच उभा राहिला. ईबी-६ जसे लगामाला चिकटते, तसेच टाच मारणाऱ्या ग्राहीलाही! दोघांचा बाहेरचा भाग जवळजवळ सारखा. भेद पेशीच्या आतील शेपटीत. लांब शेपटीचा ग्राही आवरतो, आखूड शेपटीचा चेतवितो. प्रतिपिंडाला दिसतो तो केवळ बाहेरचा चेहरा.

हा निव्वळ प्रयोगशाळेतील वाद नव्हे. २००२ साली पेरूजा येथील वेलार्डी यांच्या गटाने दाखविले, की मज्जारोपणात दात्याच्या मारक पेशींना आवरणारी खूण रोग्याकडे नसेल, तर एका प्रकारचा तीव्र रक्तकर्क पुन्हा उलटण्याचा धोका घटतो. लगाम कोणता आणि टाच कोणती, या प्रश्नाशी येथे माणसाचे प्राण निगडित आहेत.

म्हणून प्रतिपिंड निवडताना तीन गोष्टी विचारावयाच्या. ते आणखी कशाला चिकटते? रक्त देणाऱ्या व्यक्तीकडे त्या त्या ग्राहीचे जनुक आहे काय? टाचेचे जनुकच नसेल, तर ईबी-६ ची साक्ष लगामापुरती निश्चित होते. असेल, तर दुसरे प्रतिपिंड जोडीस घ्यावे लागते. आणि शेवटी, ते नुसते पाहते, की ग्राही झाकून पेशीचे वर्तनही बदलते? साक्षीदार खोटे बोलत नाही. त्याने जे पाहिलेच नाही, ते आपण त्याच्या तोंडी घालतो. हा विवेक बखरी वाचताना जितका हवा, तितकाच पेशी वाचतानाही हवा.