लंडनहून आलेली पत्रे

वाचकहो, आपल्या कित्येक घरांतून पूर्वी मुलीला कुरआन शरीफ वाचायला शिकवीत, पण लेखणी तिच्या हाती देत नसत. लिहू लागली तर पत्रे लिहील, ही धास्ती! माझी पणजी अशीच होती. वाचता येई, लिहिता येत नसे. ही गोष्ट मनात ठेवून पुढील हकीकत वाचावी.

१९०६ साली मुंबईच्या अतिया फैजी सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या आणि अध्यापनाच्या शिक्षणासाठी मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाल्या. न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजींच्या घराण्याशी त्यांचे जवळचे नाते. या गोतावळ्यात घरोघरी ‘अखबार’ नावाची वही असे. पुरुष, स्त्रिया, मुले, सारेच तीत घरच्या घडामोडी लिहीत. तेव्हा घरी सविस्तर लिहिणे अतियांना नवे नव्हते. लंडनहून त्या रोजनिशीच्या रूपाने उर्दूत मजकूर धाडीत: कॉलेज, भेटीगाठी, पाहिलेली स्थळे. तिथेच १९०७ मध्ये त्यांची इक्बालांशी ओळख झाली.

मजकूर येई तो बहीण जोहरा यांच्याकडे. आपण होतो तर वाचून पेटीत ठेवला असता. जोहराबेगमनी तो नीट करून लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या साप्ताहिकाकडे धाडला आणि १९०७ मध्ये तो क्रमशः छापून आला. बहिणीने बहिणीला लिहिलेले आता दूरदूरच्या पडद्यातील स्त्रिया वाचू लागल्या. याचे श्रेय जोहराबेगमना कोणी फारसे देत नाही. मला ते निम्मे तरी त्यांचे वाटते.

अतियांचे शिक्षण मात्र पुरे झाले नाही. प्रकृती बिघडली आणि १९०७ सालीच त्यांना परतावे लागले. बी. एड्.चे वर्ष मी घरचे जेवण जेवून काढले, तरी जड गेले. परमुलखात त्यांचे काय झाले असेल! पदवी राहिली, पत्रे उरली. १९२१ साली ती ‘जमाना-ए-तहसील’ या नावाने पुस्तकरूपात निघाली. विद्यार्थ्यांनो, येथे तहसील म्हणजे मामलेदाराची कचेरी नव्हे, तर विद्यार्जन. तिसरी बहीण नाजली या आपल्या मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबांच्या बेगम. त्यांनीही युरोपचे प्रवासवर्णन उर्दूत लिहिले.

माझ्या पणजीच्या पेटीत तिच्या जहाजावर नोकरीस असलेल्या भावाची चार पोस्टकार्डे निघाली. उत्तरे ती शेजारच्या मास्तरांना सांगे आणि ते लिहून देत, असे आई सांगते.