एका छावणीतली प्रार्थना

१९४८ साली इस्राएलचे राज्य झाले आणि येमेन, मोरोक्को, पोलंड अशा देशोदेशींचे ज्यू एका सैन्यात आले. देव एक, धर्मग्रंथ एक. पण प्रार्थनेचा पाठ नि चाल ज्याची त्याची! मग एकाच छावणीत वेगवेगळ्या पंगती मांडायच्या का? सैन्याचे मुख्य धर्मगुरू श्लोमो गोरेन यांनी सर्वांसाठी एकच पाठ तयार केला. छावणीपुरता तो चालला. गावोगावच्या प्रार्थनामंदिरांत मात्र रुजला नाही; येमेनी मंडळींनी आपला पाठ सोडला नाही. मला यात हट्ट दिसत नाही. आज्याने शिकवलेले शब्द हुकमाने कसे बदलावेत? तेच आपल्या कोकणातून तिकडे गेलेल्या बेने इस्राएलांचे. गोड पोहे, खोबरे, फळे असा मलिदा मांडून ते आजही एलियाहू हन्नाबीचे नाव घेतात.