शिमल्याचा पाऊस आणि वळवाची वीज

मंडळी, आधी एक साधी गोष्ट विचारतो. जुलैत आठ-आठ दिवस झड लागते, ओढे दुथडी भरून वाहतात, पण वीज किती वेळा कडाडते? फारच कमी. आणि मे महिन्यातला वळीव बघा. तासाभराचाच पाऊस, पण घर हादरतं. असं का?

या प्रश्नाचा एक धागा आपल्या शिमल्यात सापडतो. जॉर्ज सिम्प्सन हे भारतीय हवामान खात्यातले अधिकारी. त्यांनी तिथे पडणाऱ्या पावसावरचा विद्युतभार मोजला आणि 1909 साली प्रबंध लिहिला. पावसावर धनभार जास्त भरत होता. त्यावरून त्यांनी मांडलं, की वाऱ्याच्या झोतात मोठे थेंब फुटतात आणि त्यातून वीज तयार होते. म्हणजे ढगाच्या तळाशी धनभार, वर ऋणभार. केंब्रिजचे सी. टी. आर. विल्सन नेमकं उलटं सांगत होते. हा वाद बरीच वर्षं चालला, बरं का!

आता मला वाटतं ते सांगतो. थेंब फुटूनच वीज होत असती, तर आपल्या आषाढात आकाश सतत कडाडायला हवं होतं. उत्तर आपल्या अंगणातच होतं!

शेवटी सिम्प्सननीच स्क्रेस यांच्यासोबत लंडनजवळच्या क्यू इथून ढगांत फुगे सोडले. 1937 साली निष्कर्ष आले : वर धनभार, मध्ये ऋणभार, म्हणजे मुख्यतः विल्सन बरोबर. तळाशी धनभाराचा छोटासा पट्टा मात्र सापडला. तेवढं सिम्प्सनचं राहिलं. पण मोठी गोष्ट वेगळीच होती. वरचे दोन्ही भार होते गोठणबिंदूच्या वर, बर्फाच्या प्रदेशात.

म्हणजे वीज घडवतो तो बर्फ. हलके बर्फकण आणि भुसभुशीत गारकण एकमेकांवर आपटतात. हलके कण धनभार घेऊन वर जातात, जड गारकण ऋणभारासह मध्ये राहतात. हे सगळं तोलून धरायला हवेचा जोरदार उपसा लागतो. मे महिन्यात तापलेली जमीन तो देते. जुलैच्या ढगांत समुद्राची ओल भरपूर, पण उपसा मंद. बरंचसं पाणी साधारण पाच किलोमीटरवरच्या गोठणरेषेपर्यंत पोचायच्या आतच खाली उतरतं. परतीच्या पावसात जमीन पुन्हा तापते आणि विजाही परततात.

म्हणून पेरणीआधीच्या मशागतीत आणि पुढे काढणीत शेतात असणारा माणूसच विजेच्या तावडीत सापडतो. दुपारनंतर ढग फुलकोबीसारखा उंच चढताना दिसला, की औत तिथेच सोडून पक्क्या घरात जायचं. झाडाखाली मात्र नाही.