विश्रांतवाडीचा रस्ता कोणाचा?

ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून निघते, तेव्हा दिघी, विश्रांतवाडी, फुलेनगर, संगमवाडी असा मार्ग काढीत ती पुण्याच्या भवानी पेठेत मुक्कामाला पोहोचते. पालखीच्या आधीचे काही दिवस या रस्त्यावर मोठी लगबग असते. खड्डे बुजतात, राडारोडा उचलला जातो, दुभाजकांना रंग लागतो. मग प्रश्न पडतो तो उरलेल्या दिवसांचा. एरवी हा रस्ता कोणी सांभाळायचा? आणि ‘कोणी’ हे ठरवले कोणी? आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासावर आहे.

आधी भूगोल पाहू. विश्रांतवाडी पुण्याच्या उत्तरेला, नदीच्या पैलतीरावर आहे. पेठांमधून तिकडे जायचे तर पाणी ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. खडकीकडून आलात तर मुळेवरचा होळकर पूल लागतो, शिवाजीनगरकडून आलात तर संगमवाडीचा पूल, आणि स्टेशनाकडून आलात तर मुळा-मुठेवरचा बंडगार्डनचा पूल. त्यामुळे या परिसरात रस्त्याच्या इतिहासाची सुरुवात पुलापासूनच करावी लागते. पूल नव्हते तेव्हा पावसाळ्याच्या चार महिन्यांत पैलतीरावरची गावे नदीच्या मर्जीवर असत. उतार सापडला तर चालत जायचे, नाहीतर नावाड्याची वाट पाहायची.

बंडगार्डनच्या जुन्या पुलाचे मूळ नाव फिट्झजेराल्ड पूल. मुंबईचे गव्हर्नर सर सेमूर फिट्झजेराल्ड यांच्या नावाने ओळखला जाणारा हा दगडी कमानींचा पूल १८६७ ते १८६९ या काळात उभा राहिला. आराखडा कॅप्टन सेलन यांचा आणि खर्च सुमारे अडीच लाख रुपये. त्याच्या शेजारचा बंधारा त्याहून जुना, १८५० चा. त्यासाठी सर जमशेटजी जिजीभाई यांनी मोठी देणगी दिली होती. डेक्कन कॉलेज येरवड्याच्या नव्या इमारतीत १८६८ मध्ये गेले आणि येरवड्याचे कारागृह १८७१ चे. पूल आणि या दोन्ही वास्तू किती जवळजवळच्या वर्षांतल्या आहेत ते पाहा. नदीपलीकडची जमीन सरकारच्या दृष्टीने कधी ‘जवळ’ आली, ते या सनावळीतून कळते.

मात्र पूल बांधणे आणि रस्ता राखणे ही दोन वेगळी कामे आहेत. पूल एकदाच बांधला जातो, त्यावर गव्हर्नरचे नाव लागते, समारंभ होतो. रस्ता दर पावसाळ्यानंतर पुन्हा करावा लागतो आणि त्याला कोणाचेही नाव लागत नाही. त्या काळचा खडीचा रस्ता म्हणजे खाली मोठा दगड, वर फोडलेली खडी, त्यावर मुरूम, मग पाणी मारून रूळ फिरवायचा. बैलगाडीची लोखंडी धाव तो हळूहळू दळत असे. पण त्याचा खरा शत्रू पाणी. बाजूचे गटार तुंबले की पाणी खडीखाली शिरते आणि रस्ता पोटातून खचतो. म्हणून मैलामैलावर मजूर नेमले जात. ‘मैलकुली’ हा शब्द सार्वजनिक बांधकाम खात्यात पुढेही टिकला. गटार मोकळे ठेवणे, कडा सारख्या करणे, लहान खड्डा मोठा होण्याआधी भरणे हे त्याचे काम. माझ्या मते महाराष्ट्राच्या रस्त्यांच्या इतिहासातला हा सर्वांत उपेक्षित माणूस आहे.

त्याच्या मजुरीचा पैसा कुठून येत असे? १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसवण्यात आली आणि १८६९ च्या लोकल फंड कायद्याने तिला कायदेशीर आधार मिळाला. या निधीचा एक तृतीयांश भाग शाळांसाठी आणि उरलेला मुख्यतः रस्ते व तत्सम कामांसाठी. हिशेब करून पाहा. हवेली तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याचा सारा सोळा रुपये असेल, तर तो लोकल फंडात एक रुपया भरी आणि त्यातले दहा आणे आठ पै रस्त्यांकडे वळत. रस्त्यावर त्याची गाडी जावो न जावो, आणा चुकत नसे. त्या पैशाचा विनियोग ठरवणाऱ्या समितीवर मात्र कलेक्टरचा वरचष्मा असे. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव १८८२ चा. त्यानंतर मुंबई इलाख्यात १८८४ मध्ये लोकल बोर्डांचा कायदा आला आणि जिल्हा व तालुका बोर्डांवर काही निवडून आलेले सभासद बसू लागले.

शहराची गोष्ट निराळी. पुणे नगरपालिका १८५७ ची. तिच्या उत्पन्नाचा मोठा आधार जकातीचा होता, म्हणजे शहरात येणारा माल ज्या रस्त्यांवरून येई, त्यांच्याच तोंडावर पैसा गोळा होई. तो कशावर खर्च व्हावा यावरून वाद होणे स्वाभाविक होते. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात या नगरपालिकेचे नियुक्त सभासद होते. ते स्वतः सरकारी बांधकामांचे कंत्राटदार, त्यामुळे चुना, दगड आणि मजुरी यांचा हिशेब त्यांना कागदावरून शिकावा लागला नाही. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीनिमित्त नगरपालिकेच्या तिजोरीतून एक हजार रुपये खर्च करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा फुल्यांनी त्याला विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. पाहुणा येणार म्हणून सजावट करण्याची सवय किती जुनी आहे, हेही यातून दिसते.

आता आपल्या रस्त्याकडे परत येऊ. समजा, १८९० च्या सुमारास कोणी बुधवार पेठेतून आळंदीला निघाला. पेठेत तो नगरपालिकेच्या हद्दीत असे. शहराबाहेरच्या वस्तीसाठी १८८४ पासून उपनगर नगरपालिका वेगळी होती. खडकीच्या बाजूने गेला तर लष्करी छावणी, तिचे नियम निराळे. पुढे खेड्यांच्या शिवारात लोकल बोर्डाचे राज्य. एका सकाळच्या प्रवासात तो तीन-चार सत्तांच्या हद्दी ओलांडत असे, आणि वाटेत कुठे हद्द बदलली हे बहुधा बैलगाडीच्या धक्क्यांवरूनच त्याला कळत असावे.

स्वातंत्र्यानंतर ही विभागणी अधिक काटेकोर झाली. १९४३ च्या नागपूर आराखड्याने रस्त्यांच्या श्रेणी ठरवल्या होत्या: राष्ट्रीय, प्रांतिक म्हणजे पुढचे राज्य मार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्राम मार्ग. आजही कोणता रस्ता कोणाकडे, याचे उत्तर बहुतांशी याच उतरंडीत सापडते. १५ फेब्रुवारी १९५० रोजी शहर व उपनगर नगरपालिका एकत्र होऊन पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली. तिला लागू असलेल्या १९४९ च्या कायद्याचे ६३ वे कलम तरुण वाचकांनी अवश्य वाचावे. सार्वजनिक रस्ते, पूल, मोऱ्या बांधणे व राखणे हे त्यात महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य म्हणून सांगितले आहे, ऐच्छिक म्हणून नव्हे. ग्रामीण भागात १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत ‘रस्ते व पूल’ हा विषय थेट राज्यघटनेत नोंदवला. आणि १९९७ मध्ये कळस, धानोरी यांसारखी विश्रांतवाडीलगतची गावे महापालिकेत आली.

गाव महापालिकेत आले म्हणून गावचा रस्ता शहराचा होत नाही. ग्राम मार्ग बैलगाडीच्या मापाचा, आणि त्याच्या दोन्ही कडांना घरे व दुकाने आधीच उभी. विकास आराखड्यात रुंद रेघ ओढली जाते. कायद्यात तिला रस्त्याची नियमित रेषा म्हणतात. ती रेघ जमिनीवर उतरायला प्रत्येक मालकाची जागा मिळवावी लागते, कधी पैसे देऊन, कधी बांधकामाचे वाढीव हक्क देऊन. जो तयार झाला त्याच्यासमोर रस्ता रुंद होतो, जो न्यायालयात गेला त्याच्यासमोर अरुंदच राहतो. अशा वेळी बाटलीच्या मानेसारखे रस्ते तयार होतात. त्यात वाहतुकीचे नियमन पोलिसांकडे. चौकातला दिवा महापालिकेने बसवायचा आणि त्याच्याखाली उभे राहायचे वाहतूक पोलिसाने.

या सगळ्यावर एक धाडसी उत्तर म्हणून बीआरटी आली, म्हणजे बससाठी स्वतंत्र मार्गिका. ब्राझीलच्या कुरितिबा शहराने १९७४ मध्ये आणि कोलंबियाच्या बोगोटाने २००० मध्ये हा प्रयोग केला होता. पुण्यात कात्रज–स्वारगेट–हडपसर हा पहिला पट्टा २००६ च्या डिसेंबरात सुरू झाला आणि त्यातल्या त्रुटींवर बरीच टीका झाली. त्यातून धडा घेऊन आखलेल्या ‘रेनबो’ बीआरटीचा संगमवाडी–विश्रांतवाडी मार्ग ३० ऑगस्ट २०१५ रोजी खुला झाला. रस्त्याच्या मधोमध थांबे, बसच्या पायरीला समांतर फलाट, उजव्या बाजूला उघडणारी दारे. मालकीचा प्रश्न इथे नव्या रूपात आला: रस्ता महापालिकेचा हे मान्य, पण त्याची रुंदी कोणाची? बसमधल्या साठ माणसांची, की शेजारी रखडलेल्या मोटारींची? नगर रस्त्यावर याचे उत्तर बीआरटीच्या विरोधात गेले आणि २०२३ पासून तिथली मार्गिका काढून टाकण्यास सुरुवात झाली.

हद्दीचा सर्वांत बोचरा अनुभव मात्र विश्रांतवाडीच्या शेजारी, बोपखेलला आला. हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. मुळेच्या काठी, आणि भोवती संरक्षण खात्याची जमीन. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या दापोडीला जात ते सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारातून. न्यायालयीन लढाईनंतर मे २०१५ मध्ये तो रस्ता त्यांच्यासाठी बंद झाला आणि गावात उद्रेक झाला. लष्कराने काही काळ तात्पुरता तरंगता पूल टाकला होता, पण तो कायमचा नव्हता. महापालिकेने खडकीच्या बाजूला पक्का पूल बांधायचे ठरवले, तर पलीकडचा काठ संरक्षण खात्याचा. परवानग्या आणि जमीन यांतच वर्षे गेली. ६३ व्या कलमातले कर्तव्य महापालिकेचे, पण पाय टेकायला जमीन तिच्या हातात नाही. त्या काळात बोपखेलचा विद्यार्थी समोर दिसणाऱ्या खडकीला जाण्यासाठी दिघी आणि विश्रांतवाडीचा वळसा घेत होता, आणि ज्या चौकात त्याची बस अडकत होती तो चौक त्याच्या महापालिकेचा नव्हता.